मासीकडचा डबा

दातात दोन पिना धरून तरुलतानं पांढरी साडी सोडली आणि ती ठेवायला जागा शोधली. इस्पितळातल्या बायकांच्या मोरीला खुंटी नव्हती, कडीही नव्हती. पाठीनं दार दाबून धरायचं, ओल्या फरशीपासून निऱ्या वर उचलायच्या आणि त्याच वेळी पिशवीतून दुसरी साडी काढायची, हे दोन हातांचं काम नव्हतं. शेवटी तिनं पांढरी साडी गळ्याभोवती मफलरसारखी गुंडाळली आणि केशरी फुलांची साडी नेसायला घेतली.

बाहेरून कुणीतरी दार ढकललं.

"आत माणूस आहे," ती पिनांमधूनच म्हणाली.

"किती वेळ?"

"साडी नेसतेय, बेन."

"इथे? घरून नेसून यायला काय झालं होतं?"

उत्तर दिलं असतं तर विजूमासीच्या मरणापासून सुरुवात करावी लागली असती.

मासी सोमवारी पहाटे झोपेतच गेली. आज गुरुवारी दुपारी तिचं बेसणं झालं. सतरंजी, फोटोला चंदनाचा हार, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांच्या रांगा, हात जोडायचे आणि उठायचं. त्यातून सुटून तरुलता रिक्षानं थेट इस्पितळात आली होती, कारण वरच्या मजल्यावर, हृदयाच्या रुग्णांच्या अतिदक्षता विभागात, मासीची धाकटी बहीण पडून होती. ती धाकटी बहीण म्हणजे तरुलताची सासू, हीरागौरी. घरात सगळे तिला बा म्हणत. बाला आदल्या आठवड्यात झटका आला होता, आणि मासी गेल्याचं तिला कळू द्यायचं नव्हतं. सून पांढऱ्या साडीत समोर उभी राहिली असती तर भावनगरातली कुठलीही बाई जे समजायचं ते समजली असती.

"धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका," डॉक्टर ओझांनी मंगळवारीच बजावलं होतं. "आत्ता एवढंच औषध. त्यांना आनंदात ठेवा."

आनंदात ठेवा. जेवणानंतर एक गोळी, तसं ते म्हणाले होते. आनंद कुठून आणायचा, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि तरुलताचा नवरा भूपतराय मान हलवून "हो साहेब, हो साहेब" करत बाहेर आला होता. आणायचं काम नेहमीप्रमाणे तिच्याकडे आलं.

आरशासमोर तिनं बेसण्यातली बारीक टिकली काढली, मोठा लाल चांदला लावला, पांढरी साडी पिशवीच्या तळाशी कोंबली आणि तिच्यावर स्टीलचा डबा उभा केला. दार उघडलं तर बाहेरच्या बाईनं तिला चांदल्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"कुणाचं लग्न आहे का?" बाई म्हणाली.

---

जिन्याजवळ आणखी एक संकट उभं होतं. अहमदाबादहून आलेली भूपतची आतेबहीण नलिनी, आणि तिच्यासोबत आणखी दोघी. तिघीही पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या.

"आलोच आहोत तर हीरामामीची खबर काढून जाऊ म्हटलं," नलिनी म्हणाली. "परत कधी येणं होतंय."

"या कपड्यांत?"

नलिनीनं स्वतःकडे पाहिलं. "माझ्या मेलीच्या ध्यानातच नाही."

"नलिनीबेन, बाला माहीत नाही."

"अगं, मग तुझ्या या केशरीसारखी आणखी एखादी असेल ना पिशवीत? मी वरून गुंडाळते."

"दुकान नाही माझं."

"चिडतेस काय? आम्ही प्रेमानं आलोय."

"प्रेमानं घरी जा आणि चहा प्या. मी आले की रात्री बोलू."

तिघी मागे वळल्या. वळताना नलिनी सोबतिणीला म्हणाली, तेही तरुलताला ऐकू जाईल इतपतच हळू, "सासू आजारी पडली की सुनांना फार तोंड फुटतं." तरुलता तोवर अर्धा जिना चढून गेली होती. लिफ्ट बंद होती. ती त्या इस्पितळात कायमच बंद असे, आणि त्यामुळेच विजूमासी बाला भेटायला एकदाही आली नव्हती. तिचे गुडघे गेले होते. मासी आणि बा एकाच गल्लीत, चार घरं सोडून राहत. येता येत नाही म्हटल्यावर मासीनं डबा पाठवायला सुरुवात केली. मुगाचं ओसामण: शिजल्या मुगांवरचं निवळ पाणी आणि वर जिऱ्याची फोडणी. सगळी गल्ली त्यात गूळ घाली, मासी कधी घालत नसे. डब्याबरोबर ती निरोपही पाठवायची.

"तिला म्हणावं, हाडं मोजून झाली असली तर घरी ये. इथे मला भांडायला माणूस नाही."

"तिला म्हणावं, लहानपणीही शाळा बुडवायला पोटात दुखायचं हिच्या. आता हृदय निघालं."

भूपत हे निरोप बाला जसेच्या तसे सांगे. बा पडल्या पडल्या उत्तर पाठवी. "सांग म्हातारीला, मीठ दुकानात मिळतं म्हणून." आणि डबा तळापर्यंत पिऊन टाकी. बाजूचे रुग्ण साबुदाण्याच्या पेजेकडे पाहून तोंड वाकडं करत असताना बा चाटूनपुसून जेवते, याचं सिस्टरना कौतुक होतं.

सोमवारी गडबडीत डबा गेलाच नाही. मंगळवारपासून तरुलता मासीसारखं ओसामण करत होती. गूळ घालायला गेलेला हात तिनं दोनदा मागे घेतला होता. त्याच डब्यात, मासीच्याच कापडाची तशीच गाठ मारून, भूपत ते घेऊन येत होता. आणि मंगळवारपासून बा जेवत नव्हती.

---

काचेच्या दाराबाहेर चपला काढून तरुलता आत गेली. आत दिवस आहे की रात्र हे कळायची सोय नव्हती. खिडक्या नव्हत्या. नळीदिव्यांचा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखाच पडे, आणि सहा पलंगांची सहा यंत्रं आपापल्या तालात टिकटिकत असत. पहिल्या दिवशी तो आवाज छातीत घुसला होता. आता तिला तो घरच्या नळासारखा वाटे, नीट बंद न झालेल्या.

सिस्टर रेहाना टेबलावरून उठलीच नाही. तिनं नुसतं पेन उचललं.

"आलात? घ्या, समजवा तुमच्या सासूला. सकाळपासून माझं डोकं खाल्लंय."

"जेवल्या?"

"जेवल्या असत्या तर मी अशी बसले असते का? पाणीसुद्धा ओठाला लावत नाहीत. फक्त सलाईनवर आहेत. नाडी बघा, कालपेक्षा वर. डॉक्टरसाहेब म्हणालेत, रात्रीपर्यंत काही घेतलं नाही तर नाकातून नळी घालायची. आणि नळी काढून टाकतात म्हणून हात बांधायचे."

"हात बांधायचे?"

"मग काय करू? मला हौस आहे का?"

"काय म्हणतात तरी काय?"

"तेच. कालपासून एकच. आंघोळ घाला, मग खाते."

तरुलतानं डोळे मिटले. काल संध्याकाळी तिनंही हेच ऐकलं होतं. बाला सोवळंओवळं कधीच नव्हतं. ही बाई रेल्वेच्या डब्यात उशाखाली चप्पल ठेवून झोपे, स्टेशनवरचा बनपाव न धुतल्या हातांनी खाई, आणि लग्न होऊन आलेल्या तरुलतानं पहिल्याच सकाळी न्हाऊन मग चुलीला हात लावला, तेव्हा म्हणाली होती, "वहू, देव चहा पीत नाही. तू आधी चहा कर." आता साठी उलटल्यावर, छातीला तारा चिकटवलेल्या असताना, तिला आंघोळीशिवाय घास उतरेनासा झाला होता.

"इथे माणसं अशी होतात," रेहाना जरा मऊ आवाजात म्हणाली. "झोप नाही, उजेड तोच, आवाज तोच. मागच्या महिन्यात एक मास्तर होते, त्यांना वाटायचं परीक्षा चालू आहे. आम्हाला सगळ्यांना उभं राहा म्हणायचे. घरी गेल्यावर उतरतं."

बा उताणी पडली होती. आठवड्यापूर्वीपर्यंत तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा सुटून उशीवर पांढऱ्या जटा झाल्या होत्या. तिनं सुनेकडे पाहिलं, केशरी साडीकडे पाहिलं, आणि नजर छताकडे नेली.

"बरं वाटतंय का, बा?" तरुलतानं आवाजात जमेल तेवढा आनंद आणला.

"आंघोळ."

"बा, डॉक्टर नाही म्हणतात. तारा लावल्यात. ओल्या झाल्या तर?"

"काढ म्हणावं."

"तारा काढल्या तर त्यांना तुमचं हृदय कसं चाललंय ते कळणार कसं?"

"मला विचारावं. मी सांगेन."

मधल्या हिरव्या पडद्यापलीकडून खोकल्याचा आवाज आला. तिथे कानजीभाई होते, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, ज्यांना बोलू नका म्हणून सांगितलं होतं आणि जे त्यामुळे कमी बोलत.

"बेन," कानजीभाई म्हणाले, "म्हातारीला न्हाऊ घाला ना. दोन दिवस ऐकतोय मी. माझं ऑपरेशन व्हायचंय, मला झोप पाहिजे."

"कानजीभाई, तुम्ही गप्प पडा," रेहाना टेबलावरून म्हणाली.

"मी गप्पच आहे. मी फक्त सांगतोय."

तरुलतानं पिशवीतून डबा काढला, कापडाची गाठ सोडली, झाकण उघडलं. वाफ आली. जिऱ्याचा वास त्या फिनेलच्या वासातून वाट काढत पलंगापर्यंत गेला.

"मासीनं पाठवलंय," ती म्हणाली. "गरम आहे. दोन चमचे घ्या. मासीला बरं वाटेल."

बानं मान फिरवली. इतक्या सावकाश आणि इतक्या पूर्णपणे, की तिच्या गळ्यावरची शीर दिसली. मॉनिटरवरचा हिरवा आकडा चढला.

तरुलताच्या डोक्यात काहीतरी तुटलं. सोमवारपासून ती दोन घरांत धावत होती. तिकडे मासीच्या घरी पाहुण्यांचे चहा, रडणाऱ्यांना पाणी, न रडणाऱ्यांना गाद्या. इकडे खोटं ओसामण, खोटा चांदला, खोटं हसू. आज दुपारी बेसण्यातून उठून ती मासीच्या स्वयंपाकघरात ग्लास ठेवायला गेली, तेव्हा कोपऱ्यातल्या पातेल्यात झाकलेले मूग तिला दिसले होते. मासीनं रविवारी रात्री भिजत घातलेले. कुणी फेकले नव्हते. पाणी आटून त्यांना बोटभर लांब मोड आले होते. ती तिथे दोन मिनिटं उभी राहिली होती, आणि मग कुणीतरी "वहू, साखर कुठे आहे" म्हणून हाक मारली होती.

"बा, किती छळ मांडलाय," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती पलंगाच्या कठड्यावर वाकली होती. "आम्ही माणसं नाही का? मी काय काय करू? रात्री नाकात नळी घालणार आहेत. हात बांधणार आहेत तुमचे. ते बघायला यायचंय मला?"

बानं मान पुन्हा छताकडे वळवली.

"लहान मूल असतं तर एक चापट तरी दिली असती."

"दे," बा म्हणाली. "पण न्हाऊ घाल."

पडद्यापलीकडे कानजीभाई हसले आणि हसता हसता खोकले.

रेहाना उठली. तिनं पेन खिशाला लावलं, बाह्या वर सरकवल्या. "बास. स्पंज करते. सगळं अंग पुसून देते, डोकंही पुसते. कोमट पाणी, सुगंधी साबण, माझा स्वतःचा चंदनाचा देते. झालं? मग हे मुगाचं पाणी प्यायचं. कबूल, बा?"

बानं विचार केला. "डोक्यावरून पाणी घालशील?"

"डोक्यावरूनही घालते. पण एकदाच."

रेहानानं वाडगा आणला. वाफाळतं पाणी, त्यात साबणाची वडी बुडवलेली, वर फेस. चंदनाचा वास सुटला. तिनं बाच्या उशाशी ते ठेवलं आणि फडकं पिळायला घेतलं.

"साबण नको," बा म्हणाली.

"काय?"

"साबण नको. आणि गरम पाणी नको. गार आण."

रेहानानं फडकं वाडग्यात टाकलं. पाणी उडून तिच्या पांढऱ्या पेहरावावर पडलं. "ऐकलंत? दोन दिवस आंघोळ आंघोळ. आता मी माझा साबण आणून दिला तर साबण नको. गरम नको. गार पाण्यानं न्हायचंय, हृदयाच्या दुखण्यात. सांगा, मी काय करू? तुम्हीच सांगा, तरुबेन. हिला आंघोळ नकोच आहे, ही मला बघून घ्यायला बसली आहे."

"सिस्टर," तरुलता म्हणाली.

"नाही, तुम्ही सांगा ना. साबण नाही, ऊन पाणी नाही, ही कसली आंघोळ?"

तरुलताचा हात कठड्यावर होता तिथेच राहिला. सोमवारी दुपारी स्मशानातून माणसं परतल्यावर ती स्वतः घरामागच्या नळाखाली बसली होती. अंगावरच्या साडीसकट. बादलीतलं गार पाणी डोक्यावरून, साबण नाही, तेल नाही, टॉवेलसुद्धा आधी काढून ठेवायचा नाही. शेजारची एक बाई कडेला उभी राहून तिला तांब्या भरून देत होती. घरातला माणूस गेल्याची खबर कानावर आली की काठियावाडात बायका असंच न्हातात, आणि तसं न्हाऊन झाल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत.

तिनं बाकडे पाहिलं. बा छताकडेच पाहत होती. तिचा खालचा ओठ किंचित हलत होता, थंडी वाजल्यासारखा.

"सिस्टर," तरुलता पुन्हा म्हणाली, "नळाचं पाणी चालेल. फक्त डोक्यावरून. मी घालते."

"तुम्हीसुद्धा?"

"तारांना थेंब लागू देणार नाही. फक्त डोकं. दहा मिनिटं द्या मला. मग खातील त्या."

"कशावरून?"

"खातील."

रेहाना तिच्याकडे बघत राहिली. केशरी साडीतल्या या बाईचा चेहरा अचानक का बदलला, हे तिला कळलं नसावं, किंवा कळलं असलं तरी विचारायला वेळ नव्हता. चौथ्या पलंगाचं यंत्र वाजायला लागलं होतं. "रबरी कापड घालते उशाखाली," ती म्हणाली. "खाली टब. एक थेंब जरी छातीवर गेला तर मी तुम्हा दोघींना बाहेर काढीन, डॉक्टरना विचारणार नाही." तिनं पडदा चारही बाजूंनी ओढला आणि गेली.

---

तरुलतानं साडीचा पदर खोचला. बाचं डोकं उशीवरून उचलून पलंगाच्या कडेला आणलं. ते आश्चर्य वाटावं इतकं हलकं होतं. एका हातावर मान तोलून दुसऱ्या हातानं तिनं प्लास्टिकच्या मगातून गार पाणी घातलं. जटा आधी वर वर भिजल्या, मग आतपर्यंत, आणि पाणी टबात पडू लागलं. बानं श्वास आत घेतला. अंगाला काटा आला.

"गार आहे ना?"

"असू दे."

दुसरा मग कपाळावरून ओघळला.

"डोळ्यात जातंय का, बा?"

"जाऊ दे. विजू पण जाऊ द्यायची. मुद्दाम."

तरुलता पाणी घालत राहिली. पडद्याच्या आत फक्त पाण्याचा आवाज होता. कानजीभाई खरोखरच गप्प होते. बाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांत जात होतं आणि तरुलता ते अंगठ्यानं पुसत होती. पुसलं की पुन्हा येत होतं.

"कधी?" बानं विचारलं.

"सोमवारी. पहाटे. झोपेतच."

"त्रास?"

"नाही. काहीच नाही. रात्री मूग भिजत घालून झोपल्या होत्या."

बानं डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

"हो."

"फेकले का?"

"नाही. मोड आलेत त्यांना."

मग बानं डोळे मिटले. चेहऱ्यावर काहीच झालं नाही, फक्त गळ्यातून एक बारीक, खरखरीत आवाज आला, दाराची बिजागरी हलवावी तसा. तरुलतानं मॉनिटरकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. आकडा वर गेला, तिथे थोडा थांबला. पडदा बाजूला करून सिस्टरला हाक मारावी का, म्हणून तिचा हात उचलला गेला. बानं तो मनगटाला धरला. सलाईनची सुई असलेल्या हातानंच धरला. आकडा खाली यायला लागला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" तरुलतानं विचारलं. "नलिनीबेन आल्या होत्या का?"

"भूपत."

"त्यांनी सांगितलं?"

"मंगळवारी डबा घेऊन आला. मी म्हटलं, काय म्हणाली विजू? तर म्हणाला, मासीनं आशीर्वाद पाठवलेत. लवकर बरी हो म्हणाली." बानं डोळे उघडले. पापण्यांवर पाणी होतं. "विजू मला आशीर्वाद पाठवील?"

तरुलताला हसू आलं आणि ते अर्ध्यावर काहीतरी दुसरंच होऊन बाहेर पडलं. तिनं बाच्या मानेखालचा हात सावरला.

"माझ्या लग्नात नमस्काराला वाकले तर म्हणाली, ऊठ, साडीला चुण्या पडतील," बा म्हणाली. "आणि हा गाढव आशीर्वाद घेऊन आला. जेवू कशी?"

"मला सांगायचं ना. मी तुम्हाला छळ म्हटलं."

"तू रोज रंगीत साडी नेसून येत होतीस. तुझी केवढी मेहनत." बानं तिच्या साडीकडे पाहिलं. "ही केशरी तुला शोभत नाही."

"मला माहीत आहे."

"त्याला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. आधीच त्याचं प्रेशर वाढतं. आणि त्याला वाटतंय, त्याला छान जमतंय."

तरुलतानं कोरड्या टॉवेलनं तिचे केस पुसले. पुसताना गुंता सोडवावा म्हणून बोटं घातली, तर बानं मान हलवली. आज विंचरायचं नव्हतं. तिनं ते केस तसेच मागे घेतले आणि टॉवेलात गुंडाळले.

---

रेहाना टब उचलायला आली तेव्हा आधी तिनं जमीन पाहिली, मग तारा, मग आकडा. आकडा पाहून तिनं घड्याळ बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

"बघा," ती म्हणाली. "मी म्हणत नव्हते? डोकं थंड झालं की नाडी खाली येते. आमच्या अनुभवाचं कुणी ऐकत नाही."

"हो, सिस्टर," तरुलता म्हणाली.

"ओल्या डोक्यानं झोपू देऊ नका."

तेवढ्यात काचेच्या दारातून भूपतराय आला. त्याचे डोळे सुजले होते आणि तोंड भरून हसू होतं. पांढरा सदरा बदलून त्यानं निळ्या चौकड्यांचा घातला होता, पण बटणं एक सोडून एक लागली होती.

"कशी आहेस, बा?" तो मोठ्यानं म्हणाला. "अरे वा, न्हायलीस? मासीनं विचारलंय हां. मासी म्हणाली, तुझ्यासाठी देवाला दिवा लावते रोज. म्हणाली, हीराशिवाय मला करमत नाही."

तरुलतानं डब्याच्या झाकणाकडे पाहिलं.

"बरं," बा म्हणाली. "सांग तिला, पोचलं म्हणून."

"सांगतो. आणि तू खात नाहीस म्हणून तिला किती वाईट वाटलं माहीत आहे?"

"मग दे इकडे."

भूपत चमकला. त्यानं बायकोकडे पाहिलं. मग घाईनं डबा उचलला, चमचा शोधला, चमचा खाली पडला, तो धुवायला धावला. परत येऊन त्यानं आईच्या पाठीमागे उशी लावली आणि एकेक चमचा तिच्या तोंडाशी धरू लागला. बा प्रत्येक चमचा घेत होती. मध्ये एकदा तिचा घास थांबला आणि ती डोळे मिटून बसली. भूपतनं चमचा हवेत धरून वाट पाहिली. मग तिनं पुन्हा तोंड उघडलं.

"बघ," भूपत हळूच तरुलताच्या कानाशी म्हणाला. "डॉक्टर म्हणाले तेच खरं. आनंदात ठेवलं की सगळं होतं."

"हो ना," तरुलता म्हणाली.

डबा रिकामा झाला. भूपत तो वर धरून सिस्टरला दाखवायला टेबलाकडे गेला. त्याचं बोलणं इथवर ऐकू येत होतं. पडद्यापलीकडून कानजीभाईंनी उसासा सोडला. "चला," ते म्हणाले, "आता झोपतो."

तरुलतानं पिशवी उचलली. तळाशी कोंबलेल्या पांढऱ्या साडीचा काठ वर आला होता. तिनं तो आत ढकलायला हात घातला, तर बा तिकडेच पाहत होती. तरुलतानं तो तसाच राहू दिला.

"वहू," बा म्हणाली.

"हं?"

"उद्यापासून गूळ घालून आण. विजूसारखं करायला जाऊ नकोस. जमत नाही तुला."